बोल्ट गोल, स्क्रूची खाच साफ, आटे गेलेले: घरच्या सर्व्हिसिंगमधला वारंवार होणारा घोळ आणि त्यामागची हत्यारं

तक्रार साधारण अशी असते. मोटरसायकलचं किरकोळ काम घरीच करायचं ठरवलं, पान्यांचा एक सेट आणला, पहिलं ऑइल बदलणं बरं झालं. मग एक दिवस ऑइलच्या बोल्टाचे कोपरे गोल झाले. पुढच्या खेपेला ब्रेक ऑइलच्या डबीवरच्या स्क्रूची खाच गेली. बोल्ट बदलला, स्क्रू नवा टाकला, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच, फक्त जागा वेगळी. कुणाला विचारलं की दोनच उत्तरं मिळतात: "गंजलाय, अजून जोर लाव" नाहीतर "हे घरी होणारं काम नव्हेच".

गंज असतो, मान्य. पण तोच गंजलेला बोल्ट कसलेला मेकॅनिक चुटकीसरशी काढतो, आणि तेही तुमच्यापेक्षा कमी जोर लावून. त्याच्या हातात जे हत्यार असतं ते बोल्टावर घट्ट बसलेलं असतं आणि कामाच्या मापाचं असतं. घरी होणाऱ्या या नुकसानीचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं. शंभर नगांची पेटी असूनही घोळ होतो, आणि नेमकी दहा-बारा हत्यारं असूनही वर्षानुवर्षं एक खाच खराब होत नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

बॅटरी लावून खराब झालेली जागा जवळून बघा, कारण "बोल्ट गेला" या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड असतात आणि तिघांची कारणं वेगळी. सहा कोनी डोक्याचे कोपरे झिजले असतील तर पाना सैल बसत होता. प्लसच्या खाचेच्या कडा आतून खरवडल्या असतील, खाच वाटीसारखी गोल दिसत असेल, तर स्क्रूड्रायव्हर चुकीचा होता. आणि डोकं शाबूत आहे पण बोल्ट आवळताना गरगर फिरतोय, कुठेच घट्ट होत नाहीये, तर आटे गेलेत. त्याला जबाबदार जास्तीचा पीळ किंवा सुरुवातीलाच तिरका बसलेला बोल्ट.

प्लस स्क्रू: सगळ्यात जास्त नुकसान इथे

प्लस खाचेचे सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण सारखे नसतात. आपल्या घरातले बहुतेक प्लस स्क्रूड्रायव्हर फिलिप्स पद्धतीचे असतात. जपानी मोटरसायकलींवर, आणि जपानी रचनेवर बेतलेल्या असंख्य गाड्यांवर, स्क्रू मात्र जपानी प्रमाणाचे म्हणजे जेआयएस पद्धतीचे असतात. फिलिप्सच्या टोकाकडे नीट बघितलं तर चार पाकळ्यांच्या मधल्या बेचक्यात गोलाई दिसते. जेआयएसच्या खाचेत ही गोलाई आधी अडते आणि टोक तळापर्यंत पोचतच नाही. हाताला वाटतं की बसलाय. जोर लावला की ड्रायव्हर वर उचलला जातो, कडा खरवडतो, आणि दोन-तीन प्रयत्नांत खाचेची वाटी होते.

जेआयएस स्क्रू ओळखायची खूण म्हणजे डोक्यावर प्लसच्या एका बाजूला असलेला बारीक ठिपका, कधी उठावाचा, कधी खोलगट. ठिपका नाही म्हणून स्क्रू फिलिप्सच आहे असं मात्र समजू नका. खरी परीक्षा हाताने घ्या: ड्रायव्हर खाचेत ठेवा, दाबू नका, आणि मूठ हलकेच डावी-उजवीकडे हलवा. नीट बसणारा ड्रायव्हर स्क्रूसकट एक अंग झाल्यासारखा उभा राहतो. चुकीचा लुडबुडतो. जेआयएसचा ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूवर बहुतेक वेळा चालून जातो, उलटं चालत नाही. म्हणून गाडीसाठी एकच जोडी घ्यायची असेल तर जेआयएसची घ्या, क्रमांक २ आणि क्रमांक ३.

क्रमांकाचं महत्त्वही कमी नाही. एम३ ते एम५ च्या, म्हणजे आट्यांपाशी ३ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला क्रमांक २ लागतो, एम६ च्या स्क्रूला क्रमांक ३. जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवर एम६ चे प्लस स्क्रू असतात आणि लोक त्यात २ घालतात, कारण घरात ३ नंबर नसतोच. दोन नंबरचं टोक त्या खाचेत जातं, म्हणून ते बसलं असा समज होतो. या जुन्या कव्हरचे स्क्रू एकदा सुखरूप निघाले की मी सरळ त्याच लांबीचे ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात सहा कोनी खड्डा असलेले, टाकायला सांगतो.

आता ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण घेऊ, कारण सगळ्यात जास्त रड याच दोन स्क्रूंची असते. पोलादी स्क्रू, ॲल्युमिनियमची डबी, वरून पाऊस आणि धुण्याचं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हटलं की आट्यांमध्ये पांढरी भुकटी तयार होते आणि स्क्रू जाम होतो. त्यात डोकं तिरक्या बैठकीचं, म्हणजे पूर्ण कडेने झाकणात रुतलेलं. हे स्क्रू क्रमांक २ ने निघतात.

आधी टाकीवर आणि पुढच्या मडगार्डवर जाड फडकं टाका. डॉट ३ आणि डॉट ४ चं ब्रेक ऑइल रंग खातं. हँडल असं फिरवा की डबी आडवी सपाट येईल. मग टाचणी किंवा दाभणाने खाचेतली माती कोरून काढा. बहुतेक जण हे करत नाहीत आणि तळाशी बसलेल्या मातीच्या थरामुळे चांगला ड्रायव्हरही अर्धवट बसतो. आट्यांत झिरपणाऱ्या तेलाचा एक थेंब डोक्याच्या कडेला सोडा आणि चहा पिऊन या. आल्यावर ड्रायव्हर खाचेत सरळ उभा धरा आणि मुठीच्या टोकावर छोट्या हातोडीने दोन-तीन हलक्या टपल्या मारा. टपलीने टोक खाचेत तळापर्यंत बसतं आणि आट्यांमधली भुकटीची पकड हादरते. आता तळहाताने खाली दाबत आधी केसभर आवळायच्या दिशेने पीळ द्या, मग सोडवायच्या. जोराचा मोठा वाटा खाली दाबण्यात जाऊ द्या, फिरवण्यात थोडाच. "टक्" असा आवाज येऊन स्क्रू सुटला की काम झालं. तो आवाज कानाला लागला की पुढच्या वेळी सुटलेला आणि घसरलेला यातला फरक न बघता कळतो.

खाच आधीच थोडी गेली असेल तर व्हॉल्व्ह घासायची जी खरखरीत पेस्ट मिळते तिचा मुगाएवढा गोळा खाचेत भरा. तिच्यातल्या कणांमुळे टोकाला पकड मिळते. हातोडी मारली की आपोआप फिरणारा हाती इम्पॅक्ट ड्रायव्हर इंजिन कव्हरच्या स्क्रूंवर उत्तम चालतो. ब्रेकच्या डबीवर मात्र तो वापरू नका. तिची भिंत पातळ असते आणि ती हँडलला दोन बोल्टांवर टांगलेली असते. हातोडीचा घाव कुठे जाईल सांगता येत नाही.

परत बसवताना त्या स्क्रूंच्या आट्यांना अगदी पुसट ग्रीस लावा आणि मनगटाने आवळून सोडून द्या. खाली रबराची गादी आहे, तिला घट्टपणा फार लागत नाही.

सहा कोनी डोकं: पाना कुठे टेकतो

फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, बोल्टाच्या दोनच कडांना धरतो. रिंग पाना किंवा सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी, सगळीकडून धरते. त्यामुळे सैल करायचा पहिला पीळ आणि आवळायचा शेवटचा पीळ रिंग किंवा गोटीनेच द्यायचा. फिक्स पाना मधल्या फिरवाफिरवीसाठी आणि जिथे गोटी पोचत नाही तिथे. हा एक नियम पाळला तरी गोल झालेल्या बोल्टांची निम्मी तक्रार मिटते.

गोटी घेताना आत डोकावून बघा. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी गोटी चटकन बसते, अडचणीच्या जागी थोड्याशा हालचालीत नवी पकड घेते, म्हणून ती सोयीची वाटते. पण ती बोल्टाला अगदी कोपऱ्याजवळ धरते. कोपरे आधीच दमले असतील तर पहिल्या झटक्यात उडतात. सहा कोनी गोटीचा जोर कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर पडतो.

मापांचा घोळ वेगळाच. जपानी पद्धतीच्या गाड्यांत एम५ च्या बोल्टाला ८ मिमीचा पाना, एम६ ला १०, एम८ ला १२ आणि एम१० ला १४ लागतो. युरोपीय पद्धतीत एम८ ला १३ आणि एम१० ला १६ किंवा १७. हार्डवेअरच्या दुकानातून बदली बोल्ट आणला की गाडीत शेजारी-शेजारी एक १२ चा आणि एक १३ चा असे दोन बोल्ट येतात. अंधारात किंवा घाईत १२ च्या डोक्यावर १३ चा पाना बसतो, थोडा खुळखुळतो, आणि कोपरे घेऊन जातो. इंचाच्या मापाचे पाने पेटीत मिसळले असतील तर ते आधी बाजूला काढा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, १२ च्या बोल्टावर तो अगदी "चालतोय" असं वाटण्याइतपत बसतो. हीच गोष्ट ॲलन कीची: ३/१६ इंचाची की ४.७६ मिमीची असते आणि ५ मिमीच्या खड्ड्यात सहज उतरते. उतरते, आणि गोल करते.

ॲलन बोल्टाच्या खड्ड्यात माती बसते, विशेषतः खालच्या बाजूच्या. ती न काढता की घातली तर की वरच्या दोन मिलिमीटरवरच लटकते. ज्यांचं टोक गोल चेंडूसारखं असतं त्या किया तिरक्या कोनातून बोल्ट भराभर फिरवायला छान, पण सैल करायचा पहिला झटका त्यांनी देऊ नका. तिथे सपाट टोकाचीच बाजू. ब्रेक डिस्कचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत कारखान्यातूनच थ्रेडलॉक, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक, लावून येतात. निळा थ्रेडलॉक साध्या हत्याराने सुटतो, लाल मात्र २५० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सोडत नाही. डिस्कचा बोल्ट हटत नसेल तर पाइप लावून कीची लांबी वाढवण्याआधी हीटगन घ्या.

ॲडजस्टेबल पान्याबद्दल विचारणारे खूप. माझ्या मते मोटरसायकलच्या पेटीत त्याला जागा नाही. वापरायचाच झाला तर जबडा पूर्ण चिकटवून, आणि पीळ असा की जोर स्थिर जबड्यावर येईल, सरकत्या जबड्यावर नाही.

आटे का जातात

इथे पान्याची लांबी बघायची. एम६ चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटरवर (पीळ मोजायचं एकक) आवळतात. हा आकडा हाताला काहीच सांगत नाही, म्हणून असा बघा: १० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की १० न्यूटन-मीटर होतात. तोच पीळ २५ सेंटीमीटरच्या रॅचेटला, म्हणजे गोटी फिरवायच्या दांडीला, फक्त ४ किलोत मिळतो. मोठ्या माणसाचा हात ४ किलो लावतो तेव्हा त्याला आपण काही आवळतोय असं वाटतसुद्धा नाही. "नीट घट्ट झाला पाहिजे" म्हणून तो आणखी थोडं ओढतो, पोलादी बोल्टाला काही होत नाही आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात.

म्हणून एम५ आणि एम६ साठी पाव इंची रॅचेट (हे माप गोटी अडकवायच्या चौकोनी टोकाचं), तिची दांडी आखूड असते. एम८ आणि एम१० साठी ३/८ इंची. अर्धा इंची रॅचेट फक्त चाकाच्या ॲक्सलसाठी. बरेच जण पहिली रॅचेट अर्ध्या इंचाची घेतात कारण ती मजबूत दिसते, आणि मग तिनेच क्लच कव्हरचे बोल्ट आवळतात.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ आला की "कट्" वाजणारा पाना, घ्यायचा असेल तर तोही आधी छोटा घ्या, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा. मोठा, १०० च्या पुढे जाणारा रेंच त्याच्या मापाच्या तळाशी भरवशाचा नसतो, आणि गाडीवरचे नाजूक बोल्ट नेमके त्या तळाशीच येतात. रेंचने बोल्ट सैल करायचा नाही. "कट्" वाजल्यावर खात्रीसाठी पुन्हा एकदा वाजवायचं नाही, त्याने पीळ वाढतो. काम झाल्यावर मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. मॅन्युअलमध्ये किलो-मीटर लिहिलेलं असेल तर साधारण १० ने गुणा.

आट्यांना तेल लावावं का, यावर वाद चालू असतात. बोल्टाला दिलेल्या पिळातला ढोबळमानाने निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. तेलाने घर्षण थोडं जरी कमी झालं तरी तो १० टक्क्यांचा वाटा भरकन वाढतो. मॅन्युअलमधला आकडा, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, कोरड्या स्वच्छ आट्यांसाठीचा समजा. तेल किंवा ग्रीस लावणार असाल तर पीळ कमी करा.

ऑइलच्या ड्रेन बोल्टाचे आटे पुन्हा पुन्हा जात असतील तर तपासायच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे वायसर. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच दबण्यासाठी असतो. जुनाच परत घातला की थेंब पाझरतो, थेंब थांबवायला माणूस आणखी आवळतो, पुढच्या वेळी आणखी. अशी दोन-चार ऑइल बदलणी झाली की बोल्टासोबत चेंबरचे आटेही बाहेर येतात. वायसर दर वेळी नवा. दुसरी गोष्ट सुरुवात. बोल्ट हाताने भोकावर धरा, आधी उलटा, सोडवायच्या दिशेने फिरवा. एका ठिकाणी तो हलकेच खाली "टप" करून बसल्याचं बोटांना कळतं. तिथून सरळ फिरवायला लागा. निदान तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी जायला हवेत. जात नसतील तर आटे तिरके धरलेत. पाना हातात घेऊ नका, बाहेर काढा, पुसा, पुन्हा सुरू करा.

स्पार्क प्लगलाही हीच पद्धत, फक्त तिथे चूक जास्त महागात पडते कारण आटे सिलिंडर हेडमध्ये असतात. इंजिन थंड असू द्या. प्लगचा पाना वेगळाच लागतो: १० मिमी आट्यांच्या प्लगला १६ चा, १२ मिमीच्या प्लगला १८ चा, १४ मिमीच्या मोठ्या प्लगला बहुतेक वेळा २१ चा. आत रबर असलेलाच घ्या, नाहीतर चिनी माती तडकते. प्लग खोल विहिरीत असेल तर त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचून त्या नळीने फिरवत सुरुवात करा; आटे चुकले तर नळीच घसरते, हेड वाचतं. वायसर असलेला नवा प्लग बोटांनी टेकला की साधारण अर्धा वेढा. तोच प्लग काढून पुन्हा बसवताना वेढ्याचा बारावा ते आठवा हिस्सा पुरतो, वायसर आधीच दबलेला असतो.

चेन दर आठवड्याला सैल होते, तेव्हा

ही तक्रार हत्यारांच्या यादीत कशाला, असं वाटेल. पण चेन नवी आहे, स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) नवे आहेत आणि तरी ताण टिकत नाही, अशा वेळी पुष्कळदा मागच्या ॲक्सलचा नट पुरेसा आवळलेला नसतो. गाडीसोबत आलेल्या आखूड पान्याने तो आवळला जाणं कठीणच. त्या नटाला गाडीप्रमाणे ५० पासून १०० न्यूटन-मीटरच्या पुढेही पीळ लागतो. नट सैल राहिला की चाक जोराच्या ओढीने पुढे सरकतं आणि दोष चेनवर येतो.

क्रम असा: नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या वेढ्यांनी फिरवा, चाक हाताने फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे ढील मोजा. ढील किती हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. मग चेन आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यामध्ये फडक्याची घट्ट गुंडाळी धरून चाक थोडं मागे फिरवा. चाक पुढे ओढलं जाऊन ॲडजस्टरला टेकतं. इंजिन बंदच, बोटं दातांपासून लांब. अशा ताणलेल्या स्थितीत ॲक्सलचा नट पूर्ण आवळा, मग ॲडजस्टरचे लॉकनट, आणि शेवटी ढील पुन्हा मोजा, कारण नट आवळताना ती थोडी बदलते. स्विंगआर्मवरच्या रेघांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या मध्यापासून स्विंगआर्मच्या पिनच्या मध्यापर्यंत टेपने मोजलेलं अंतर जास्त खरं सांगतं.

नट नीट आवळूनही ढील वाढतच असेल तर चेन झिजली आहे. चेन ताणून २१ पिनांमधलं, म्हणजे २० कड्यांचं अंतर मोजा. ४२८ ची चेन नवी असताना ते २५४ मिमी असतं, ५२० ची असेल तर ३१७.५. त्याहून किती वाढ चालते ते मॅन्युअल सांगतं. चेन धुवायला केरोसीन. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेली चेन पेट्रोलने धुतली तर रबर खराब होतं.

मग पेटीत काय असावं

जेआयएसचे २ आणि ३ नंबरचे ड्रायव्हर. ८, १०, १२, १४, १७ च्या सहा कोनी गोट्या, पाव आणि ३/८ इंची रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन. त्याच मापांचे रिंग-फिक्स पाने. ४, ५, ६, ८ च्या मिलिमीटर ॲलन किया. आपल्या प्लगचा आणि आपल्या ॲक्सलचा पाना, नट मोजून आणलेला. छोटा टॉर्क रेंच. हातोडी, दाभण, वायर ब्रश, आट्यांत झिरपणारं तेल. हवेचा गेज, कारण पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. आणि हवा टायर थंड असतानाच मोजायची.

मल्टिमीटर साधाच पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर ती भरलेली, १२ च्या खाली गेली तर रिकामी. इंजिन जरा चढ्या वेगात असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. "बॅटरी सारखी उतरते" या तक्रारीतला अर्धा तपास एवढ्यावर होतो.

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, व्हॉल्व्हला हात घालाल तेव्हा घ्या, आधी नको. आणि पंधरा वेगवेगळ्या डोक्यांचा जो चकचकीत बिट सेट असतो तो घरातल्या कपाटांसाठी ठेवा.

नुकसान होऊन बसलंय, आता?

डोक्याचे कोपरे गेले असतील तर त्या मापाची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. जरा लहान मापाचीही ठोकून बसते. ॲलनचा खड्डा गोल झाला असेल तर त्यात किंचित मोठं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट ठोकून बसवता येतं. दोन्ही वेळा बोल्ट निघाला की फेकून द्यायचा, "अजून एकदा चालेल" म्हणून परत लावायचा नाही. प्लस स्क्रूचं डोकं पूर्ण गेलं आणि ते झाकणाच्या वर उठलेलं असेल तर करवतीच्या पात्याने आडवी खाच पाडून मायनस ड्रायव्हर, किंवा लॉकिंग पक्कड.

जाम बोल्टाला घाई चालत नाही. तेल सोडा, डोक्यावर हातोडीच्या टपल्या द्या, रात्रभर ठेवा, पुन्हा तेल. हीटगनने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं तर ते पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. तापवण्याआधी झिरपलेलं तेल आणि आसपासचं पेट्रोल पूर्ण पुसून घ्या, आणि कार्ब्युरेटर किंवा टाकीजवळ उष्णतेचं नावच काढू नका.

आटे अर्धवट खराब झाले असतील तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून ते साफ करता येतात. आट्यांमधलं अंतर एम६ ला १.० मिमी, एम८ ला १.२५, एम१० ला मात्र १.२५ की १.५ हे बोल्टावरून आधी तपासा. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोक थोडं मोठं करून आत पोलादी तारेचे नवे आटे बसवणं. कव्हरच्या बोल्टाला हे घरी जमतं. ड्रेन बोल्टाला जमतं, पण भोक पाडताना पडणारा चुरा इंजिनमध्ये जाता कामा नये. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस थापून काम करा म्हणजे चुरा त्याला चिकटतो, आणि शेवटी थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून भोकातून वाहू द्या.

बोल्ट आत तुटला असेल तर सावध. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर तुटलेल्या बोल्टात घालून पिळला की कधी कधी तोही आत तुटतो, आणि तो इतका कडक पोलादाचा असतो की घरचं ड्रिल त्यावर नुसतं फिरत राहतं. त्याऐवजी डावीकडे फिरणारं ड्रिल बिट वापरा. भोक पाडता पाडता पुष्कळदा बोल्टच उलटा फिरून बाहेर येतो. त्यानेही हलला नाही आणि बोल्ट सिलिंडर हेडमध्ये असेल, तर ड्रिल खाली ठेवून गाडी वेल्डिंग येणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्या. तिथे तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून तो फिरवून काढतात. वेल्डची उष्णता आतली पकड सोडवते आणि पाना धरायला नवं डोकं मिळतं.